पाय मोकळे, मन मोकळे



आपल्या वस्तीत कोणाला कावीळ झाली, मलेरिया झाला की चार घरची माणसे चौकशीला येतात, कोणी डॉक्टर सुचवितो, कोणी पथ्य सांगतो. परंतु एखादा मुलगा दोन-तीन महिने कोणाशी बोलत नाही, एखादी भगिनी रात्रभर जागी असते, एखादे निवृत्त गृहस्थ सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, तेव्हा आपण काय म्हणतो? "त्याचे मन लागत नाही", "तिला जरा टेन्शन आहे." एवढे बोलून विषय संपतो. मनाच्या आजाराविषयी आपल्याकडे अजूनही लाज आहे. २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले, त्यात मनाच्या सर्वसाधारण विकारांनी त्रस्त असलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ८० हून अधिक व्यक्तींपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेला नव्हता असे आढळले. म्हणून प्रस्तुत लेखात मनाला उभारी देणारा एक साधा, बिनखर्चाचा उपाय आम्ही मांडीत आहोत. तो उपाय म्हणजे नियमित चालणे.

हे वाचताच आमचे पुष्कळ बांधव हसतील याची आम्हांस कल्पना आहे. "आम्ही दिवसभर चालतोच की! आणखी काय चालायचे?" हा प्रश्न रास्त आहे. भल्या पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारा सफाई कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी, हमाल, पोस्टमन, बांधकामावर पाट्या वाहणारा मजूर यांना चालण्याचे महत्त्व सांगणे म्हणजे त्यांची थट्टा करण्यासारखेच वाटेल. पण आपल्या मराठी भाषेने येथे एक भेद आधीच करून ठेवला आहे. कामासाठी, नाइलाजाने चालावे लागते ती 'पायपीट'. जेवणानंतर आपल्या इच्छेने चार पावले टाकतो ती 'शतपावली'. काळजीने घरातल्या घरात फिरत राहतो त्या 'येरझारा'. आणि बाहेर पडून थोडे हिंडून येतो त्याला आपण 'पाय मोकळे करणे' म्हणतो. चारही वेळा पायच चालतात, परंतु मनाची अवस्था चारही वेळा निराळी असते.

संशोधकांनाही हाच भेद दिसून आला आहे. २०१७ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून तपासले गेले. तेव्हा फुरसतीच्या वेळी स्वेच्छेने केलेल्या हालचालीचा संबंध मनाच्या चांगल्या आरोग्याशी दिसला. नोकरीतील अंगमेहनतीच्या बाबतीत तसा लाभ दिसला नाही, उलट चित्र थोडे विपरीतच होते. यात नवल नाही. पायपीट करताना वेग दुसऱ्याच्या हाती असतो, विश्रांती दुसऱ्याच्या मर्जीवर असते, डोक्यावर मुकादमाचा किंवा मालकिणीचा धाक असतो. तेव्हा कष्टकरी बांधवांना आमचे सांगणे एवढेच की, दिवसभर शरीर झिजविल्यावर आणखी तासभर झपाझप चालण्याची त्यांना गरज नाही. पण संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे, हातात पिशवी नाही, डोक्यावर ओझे नाही, कोणाची हाक नाही, असे आपल्या मर्जीने रमतगमत चालणे हे त्यांचेही असले पाहिजे. बैठे काम करणारे कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी आणि अभ्यासिकेत दहा-दहा तास खुर्चीला चिकटून बसणारे विद्यार्थी यांना मात्र शरीरासाठीही चालणे आवश्यकच आहे.

आता चालण्याने मनात नेमके काय घडते ते पाहू.

चालू लागताच हृदयाचे ठोके वाढतात, मेंदूकडे अधिक रक्त जाते, मोठे स्नायू एका लयीत काम करू लागतात. 'एन्डॉर्फिन' नावाचे द्रव्य वाढून आनंद होतो असे वर्तमानपत्रांत वारंवार छापून येते. त्यात तथ्य नाही असे नाही, पण सगळे श्रेय एका द्रव्याला देणे बरोबर नव्हे; शास्त्रज्ञांचा त्यावर अजून वाद चालू आहे. अधिक खात्रीची गोष्ट झोपेची. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे आणि ते दररोज सकाळच्या उजेडाने लावले जाते. घरातल्या दिव्याचा उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, पण ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड त्याच्या अनेक पट असतो. सकाळी उजेडात चालणाऱ्याला रात्री वेळेवर झोप येते, आणि ज्याची झोप सुधारली त्याची चिडचिड, रडू येणे, विसराळूपणा हेही हळूहळू कमी होते. निराश माणसाचे पहिले रडगाणे झोपेचेच असते, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट मेंदूच्या रचनेची. मेंदूत 'हिप्पोकॅम्पस' नावाचा एक लहानसा भाग आहे. स्मरणशक्तीचे काम तो पाहतो. वयानुसार तो आक्रसतो. २०११ साली अमेरिकेत १२० वयस्कर व्यक्तींवर एक प्रयोग झाला. निम्म्या व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालायचे, उरलेल्यांनी नुसते शरीर ताणण्याचे व्यायाम करायचे. वर्षानंतर चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला, इतरांचा कमी झाला होता. आमच्या विद्यार्थी मित्रांनी ही गोष्ट ज्येष्ठांपुरती समजू नये. फिरायला जाणे म्हणजे अभ्यासाचा वेळ फुकट घालविणे, ही समजूत त्यांनी सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट विचारांची. अपमान, अपयश, कोणाचे टोचून बोलणे, निकालाची भीती असा एकच विचार गुराने रवंथ करावा तसा मनात घोळत राहतो. त्या वेळी घरातल्या येरझाऱ्यांचा उपयोग होत नाही, कारण डोळ्यांसमोर तीच भिंत, तेच कपाट असते. २०१५ साली कॅलिफोर्नियात ३८ निरोगी व्यक्तींवर एक प्रयोग झाला. काहींना झाडा-गवताच्या परिसरातून ९० मिनिटे चालविले, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. पहिल्या गटातील व्यक्तींचे हे रवंथ कमी झाले आणि मेंदूच्या त्याच्याशी संबंधित भागातील हालचालही मंदावली. दुसऱ्या गटात तसे घडले नाही. म्हणून शक्य असेल तर तळ्याकाठी, मैदानावर, झाडीच्या बाजूने चालावे. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरातून लेण्यांच्या बाजूला, नागपुरात फुटाळा किंवा अंबाझरीच्या काठाने, मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती, अशा जागा आपल्या परिचयाच्या आहेतच.

आणखी एक गोष्ट आहे, ती प्रयोगशाळेत मोजता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची घरे लहान. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, धाकट्यांचा गोंधळ. एकट्याने बसून विचार करायला किंवा मोकळेपणी रडायलासुद्धा कोपरा नसतो. अशा माणसाला रस्ता हीच त्याची खोली असते. आणि दोघे चालू लागले तर बोलणेही सोपे जाते. समोरासमोर बसून जे सांगता येत नाही, ते शेजारी शेजारी चालताना सांगता येते. नजरेला नजर द्यावी लागत नाही.

आता उपचार म्हणून चालण्याचे मोल किती? या बाबतीत अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. डॉ. जेम्स ब्लूमेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९९ साली प्रसिद्ध केला. तीव्र नैराश्य असलेल्या, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या १५६ स्त्री-पुरुषांचे तीन गट केले. एका गटाला सर्ट्रालिन हे औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीन वेळा देखरेखीखाली अर्धा तास भरभर चालणे किंवा हलके धावणे, तिसऱ्याला दोन्ही. औषधवाल्यांना आराम लवकर पडू लागला. परंतु १६ आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी होती. प्रयोग सुरू झाल्यापासून दहा महिन्यांनी, म्हणजे उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा बरे झालेल्यांपैकी व्यायामाच्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. २०२४ साली २१८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यातही चालणे-धावणे, योगासने व वजने उचलण्याचे व्यायाम नैराश्यावर उपयुक्त ठरले.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे आम्ही कर्तव्य समजतो. पहिली, ड्यूकचे रुग्ण एकटे चालत नव्हते, गटाने येत होते, त्यांच्याकडे कोणी लक्ष देत होते. त्या सोबतीचाही वाटा असणारच. म्हणून निराश माणसाला "जरा फिरत जा" असा उपदेश करून भागत नाही. त्याच्या दाराशी जाऊन "चल, चपला घाल" म्हणावे लागते. त्याच्या आजाराचे स्वरूपच असे की, उठण्याचे बळ त्याच्यापाशी नसते. दुसरी, चालण्याने बेकारी जात नाही. वसतिगृहात जात विचारून केलेला अपमान चालण्याने पुसला जात नाही. दु:खाचे कारण समाजात असेल तर त्याविरुद्ध झगडावेच लागेल. चालण्याने झगडण्याइतके मन शाबूत राहते, एवढाच आमचा दावा आहे.

रस्त्यावरून मोकळेपणी चालणे ही गोष्ट आपल्याला फुकट मिळालेली नाही, हेही प्रसंगोपात्त सांगावेसे वाटते. केरळातील वायकोम येथे १९२४-२५ साली जो सत्याग्रह झाला तो मंदिरात जाण्यासाठी नव्हता, मंदिराभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांसोबत हजारो माणसे शिस्तीने चालत चवदार तळ्यावर गेली. आज आपल्या भगिनींना मात्र संध्याकाळी एकटीने फिरणे सोपे नाही, अंधार, टवाळखोर, घरचा स्वयंपाक, आणि "कशाला भटकतेस?" असा घरच्यांचा प्रश्न. दोन-तीन शेजारणींनी मिळून वेळ ठरवावी, आणि तेवढा वेळ पुरुष मंडळींनी कुकर सांभाळावा.

किती चालावे? 'रोज दहा हजार पावले' हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. तो वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली जपानमधील एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे' असा होता. तेथून तो आकडा जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल सांगितली आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम गतीची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. २०२२ साली १ लाख ९० हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात याच्या निम्मी हालचाल करणाऱ्यांतही नैराश्याचे प्रमाण, काहीच न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी होते. तेव्हा अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटांनी सुरुवात करावी. बसने एक थांबा आधी उतरावे. मोबाईल खिशातच असू द्यावा.

भगवान बुद्धांच्या संघात चालण्याला 'चंक्रमण' म्हणत. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येते, उद्योगाची क्षमता येते, आजार कमी होतात, अन्न नीट पचते, आणि चंक्रमणात लाभलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तरेस कमळांच्या खुणा असलेला चंक्रमणाचा ओटा आजही दाखवितात. पण अतिरेक तेथेही मान्य नव्हता. सोण नावाचे श्रीमंत घरातले सुकुमार भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालले. तेव्हा भगवंतांनी त्यांना वीणेच्या तारांचा दाखला दिला, की तार फार ताणलेली नको आणि फार सैलही नको. त्यांना वहाणा वापरण्याची परवानगीही दिली. सोण म्हणाले, ती एकट्याला नको. मग एकपदरी वहाण साऱ्या संघाला मिळाली. आपणही महाग बूट घेण्याच्या मागे लागू नये, पण झिजलेल्या स्लीपरवर तीन-चार किलोमीटर चालून टाच दुखवून घेऊ नये. मधुमेही बांधवांनी तर अनवाणी मुळीच चालू नये आणि रोज तळपाय पाहावेत.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्यापूर्वीच फिरणे उरकावे. मुंबईत हिवाळ्याच्या सकाळी धूर खाली साचतो. अशा दिवशी मोठ्या रस्त्यांपासून दूर जावे, दमेकऱ्यांनी घरीच थांबावे. पावसाळ्यात चाळीची लांब गॅलरी आहेच. विनयात भिक्खूंनाही आच्छादित चंक्रमणशाळेची परवानगी दिलेली आढळते. हृदयविकार, गुडघ्याचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारून वेग ठरवावा.

शेवटी औषधांविषयी. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर चालण्याने बरे वाटू लागले म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरच त्या हळूहळू कमी करतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविले तर ते थट्टेवारी नेऊ नये, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते.