स्वमग्नतेचे निदान : चाचणी नव्हे, निरीक्षण

मधुमेहाचे निदान रक्ताच्या तपासणीने होते, क्षयरोगाचे थुंकीच्या तपासणीने. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ओळखण्यासाठी मात्र अशी कोणतीही प्रयोगशाळेतील चाचणी आजही उपलब्ध नाही. मूल कसे खेळते, नावाने हाक मारल्यावर वळून पाहते का, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवते का, याचे निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर चर्चा यांच्या आधारेच तज्ज्ञांना निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे कोणत्या मुलाचे निदान वेळेवर होते आणि कोणते मूल नजरेतून सुटते, हे पाहणाऱ्याला नेमके काय पाहायचे हे ठाऊक असण्यावर अवलंबून राहते. गेल्या शंभर वर्षांत या विषयावर झालेल्या संशोधनाचा मोठा भाग हे निरीक्षण अधिकाधिक अचूक करण्याच्या प्रयत्नांचा आहे.

स्वमग्नता हा आजार नसून मेंदूच्या विकासाशी संबंधित अवस्था आहे. तिची लक्षणे दोन गटांत विभागली जातात. इतरांशी संवाद साधण्यात आणि सामाजिक संकेत समजून घेण्यात येणाऱ्या अडचणी हा पहिला गट होय. त्याच त्या कृती वारंवार करणे, ठरलेल्या क्रमात बदल सहन न होणे, आवाज, प्रकाश किंवा स्पर्श यांबाबत अतिसंवेदनशीलता अथवा उदासीनता असणे, यांचा दुसऱ्या गटात समावेश होतो.

दोषाचे खापर मातांवर

सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली अशा लक्षणांच्या सहा मुलग्यांचे तपशीलवार वर्णन केले होते. परंतु त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. अमेरिकेतील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांविषयी लिहिलेला लेख हा या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी चार मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली.

यानंतरच्या दोन दशकांत एका चुकीच्या समजुतीने असंख्य कुटुंबांना यातना दिल्या. मातेच्या थंड आणि कोरड्या वागणुकीमुळे मूल स्वतःत मिटून जाते, असे त्या काळातील अनेक तज्ज्ञ मानत. ब्रुनो बेटेलहाइम यांनी या मताचा मोठा प्रसार केला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली या मताचे खंडन करून स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे प्रतिपादन केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्या मुलांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीतील किमान एक मूल स्वमग्न होते. एकाच बीजापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. भिन्न बीजांपासून जन्मलेल्या १० जोड्यांत असे एकही उदाहरण आढळले नाही. अनुवंशिकतेचा हा ठोस पुरावा होता आणि मातांवरील आरोप त्यामुळे निराधार ठरला.

व्याख्या बदलली, संख्या वाढली

लंडनमधील कॅम्बरवेल भागात लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाले. कॅनर यांच्या वर्णनात तंतोतंत न बसणारी, तरीही सामाजिक संवादात तशाच अडचणी असणारी बरीच मुले त्यांना आढळली. स्वमग्नता ही एकाच साच्याची नसून तिच्या तीव्रतेच्या आणि स्वरूपाच्या अनेक छटा असतात, या विचाराचा पाया येथे घातला गेला. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅस्पर्गर विकारासह पूर्वीचे वेगवेगळे प्रकार एकाच नावाखाली आणले.

या व्यापक व्याख्येचा परिणाम आकडेवारीतही दिसतो. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राच्या पाहणीनुसार सन २००० मध्ये आठ वर्षे वयाच्या दर १५० मुलांमागे एक मूल स्वमग्न असल्याची नोंद होती. २०२२ सालच्या माहितीत हे प्रमाण दर ३१ मुलांमागे एक असे आहे. बदललेले निकष, वाढलेली जागरूकता आणि सुलभ झालेली तपासणी यांचा या वाढीत मोठा वाटा असल्याचे संशोधक सांगतात.

याच काळात लसीकरणाविषयी पसरलेला गैरसमज मात्र अद्याप पूर्णपणे पुसला गेलेला नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ सालचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्या निबंधाचा आधार अवघी १२ मुले होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासण्यात आली. त्यात असा कोणताही संबंध आढळला नाही.

निदान कसे केले जाते

पहिला टप्पा प्राथमिक चाळणीचा असतो. ‘एम-चॅट’ या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती १६ ते ३० महिने वयाच्या मुलांसाठी वापरली जाते. तिच्यातील २० प्रश्नांची उत्तरे पालकांनी द्यायची असतात. या प्रश्नावलीतून निदान होत नाही. पुढील तपासणी आवश्यक आहे की नाही एवढेच कळते. मुलाला ऐकू येते की नाही, हेही तपासणे आवश्यक असते. त्यानंतर प्रशिक्षित तज्ज्ञ मुलासोबत ठरावीक खेळ खेळून त्याच्या प्रतिसादांची नोंद करतात आणि पालकांकडून मुलाच्या विकासाचा इतिहास जाणून घेतात.

ही प्रक्रिया यंत्राच्या साह्याने सुलभ करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेली बालके दोन ते सहा महिन्यांच्या वयातच समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांकडे पाहणे हळूहळू कमी करतात, असे वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३ साली दाखवून दिले. याच तत्त्वावर आधारलेल्या नजर टिपणाऱ्या उपकरणाची अमेरिकेतील सहा केंद्रांत ४७५ मुलांवर चाचणी घेण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तज्ज्ञांनी स्वमग्न ठरवलेल्या मुलांपैकी ७१ टक्के मुले या उपकरणाने ओळखली. म्हणजेच उपकरण तज्ज्ञांना साह्य करू शकते. त्यांची जागा घेऊ शकत नाही. जनुकीय संशोधनाचीही स्थिती अशीच आहे. २०२० सालच्या एका मोठ्या अभ्यासात स्वमग्नतेशी निगडित १०२ जनुके निश्चित करण्यात आली. परंतु सर्व मुलांना लागू पडेल असे एकच जनुक अस्तित्वात नाही.

किशोरवयात उमटणारी लक्षणे

सर्वच मुलांची लक्षणे लहानपणी ठळक नसतात. शाळेतील अभ्यासात हुशार असलेले मूल बालवर्गात सहज सामावून जाते. मात्र बारा-तेरा वर्षांच्या वयात मैत्रीचे न बोललेले नियम, थट्टामस्करी आणि गटांतील ताणतणाव वाढू लागले की त्याची ओढाताण सुरू होते. सामाजिक अपेक्षा क्षमतेपेक्षा वाढेपर्यंत लक्षणे पूर्णपणे प्रकट होत नाहीत, ही शक्यता निदानाच्या सध्याच्या निकषांतही मान्य करण्यात आली आहे.

मुलींच्या बाबतीत ही अडचण अधिक गंभीर आहे. मुलग्यांचे आणि मुलींचे प्रमाण चारास एक असल्याचे पूर्वी मानले जाई. २०१७ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून हे प्रमाण तीनास एकच्या जवळ असल्याचे दिसून आले. इतर मुलींचे बोलणे आणि हावभाव यांचे अनुकरण करून आपल्या अडचणी झाकण्याकडे अनेक स्वमग्न मुलींचा कल असतो. अशा मुलीला ‘लाजाळू’ किंवा ‘अबोल’ म्हटले जाते. नैराश्य वा चिंताविकारासाठी उपचार सुरू झाल्यानंतर मूळ कारण लक्षात येते, अशीही उदाहरणे आढळतात.

२०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या विषयाला नवे परिमाण दिले. लवकर निदान झालेल्या आणि उशिरा निदान झालेल्या व्यक्तींच्या विकासाचा मार्ग वेगळा असून त्यांची जनुकीय पार्श्वभूमीही काही अंशी भिन्न असल्याचे त्यात आढळले. उशिरा निदान झालेल्या गटात अडचणी किशोरवयात वाढत गेल्याचे दिसले. उशिरा होणारे प्रत्येक निदान हे केवळ दुर्लक्षाचे फलित नसते, असा याचा अर्थ होतो.

भारतातील परिस्थिती

भारतात १९९५ सालच्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. स्वमग्नतेची तीव्रता मोजण्यासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी २००९ साली तयार झाली असून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तिचा वापर होतो. या श्रेणीत ७० पेक्षा कमी गुण असल्यास स्वमग्नता नसल्याचे मानले जाते.

पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा येथील दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. स्वमग्नतेसह मेंदूविकासाशी संबंधित नऊ अवस्थांपैकी किमान एक अवस्था सुमारे १२ टक्के मुलांमध्ये आढळली. देशातील तज्ज्ञांची संख्या पाहता एवढ्या मुलांपर्यंत पोहोचणे कठीण आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ मुलांसह झालेल्या २०१६ सालच्या अभ्यासाने यावर एक मार्ग सुचवला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची पद्धत शिकवली. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली.

‘याचे वडीलही उशिरा बोलू लागले होते’ असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी अनेकदा पालकांची समजूत घालतात. वर्षभराचे मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असे या क्षेत्रातील तज्ज्ञ सांगतात. किशोरवयीन मुलामुलींच्या बाबतीतही उशीर झाला म्हणून तपासणी टाळू नये. निदानामुळे मूल बदलत नाही. त्याला शाळेत कोणत्या सवलती हव्यात, घरात त्याच्याशी कसे बोलावे आणि आजवरच्या अडचणींचे कारण काय होते, हे मात्र कुटुंबाला आणि त्या मुलालाही समजते.