संसदेतील प्रश्न आणि वर्गातील गणित

गोपाळ कृष्ण गोखले हे देशाच्या राजकारणात जाण्यापूर्वी गणिताचे शिक्षक होते, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालत होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत काही वर्षे सतत शिल्लक पडत होती आणि ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण आहे असे सांगितले जात होते. रुपया घसरत असताना लादलेले जादा कर, रुपया सावरल्यावरही तसेच चालू राहिले, म्हणून ही शिल्लक दिसते, असे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. त्या काळी सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याचा अधिकार होता, मत देण्याचा नव्हता. पुढे १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

आज संसदेला मत देण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क झाला आहे. पण सरकारने दिलेला आकडा हातात घेऊन तो उलटसुलट करून पाहण्याचे गोखल्यांचे काम मात्र संपलेले नाही. शिक्षण आणि रोजगार या दोन विषयांत ते कसे चालते, त्यात गणिताचा भाग किती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे या लेखात पाहू.

विचारण्याच्या जागा

संसद सरकारच्या धोरणाची तपासणी मुख्यतः तीन प्रकारे करते. पहिला प्रकार प्रश्नांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, त्यावर पूरक प्रश्न नसतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. वर्तमानपत्रांत चर्चा तारांकित प्रश्नांची होते, पण आकडेवारीचा खरा साठा अतारांकित प्रश्नांच्या उत्तरांत असतो.

दुसरा प्रकार समित्यांचा. १९९३ साली मंत्रालयांशी संलग्न अशा १७ स्थायी समित्या नेमण्यात आल्या. २००४ पासून त्या २४ आहेत. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सभासद असतात. शिक्षणाची समिती राज्यसभेच्या कक्षेत येते, तर श्रम व कौशल्य विकासाची लोकसभेच्या. अर्थसंकल्प मांडला गेला की या समित्या आपापल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात, विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावतात आणि अहवाल देतात. यांखेरीज महिला सबलीकरण समितीसारख्या काही स्वतंत्र समित्याही असतात.

तिसरा प्रकार लेखापरीक्षणाचा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेसमोर येतात आणि लोकलेखा समिती त्यांतील निवडक विषयांची छाननी करते. पहिल्या दोन प्रकारांत चालू कारभाराविषयी विचारणा होते. तिसऱ्यात, खर्च होऊन गेल्यावर हिशेब तपासला जातो.

एका उत्तराचे वाचन

आता रोजगाराचे एक उदाहरण घेऊ. २७ जुलै २०२२ रोजी लोकसभेत एका लेखी उत्तरात कार्मिक राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी केंद्र सरकारच्या नोकरभरतीची माहिती दिली. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत २२,०५,९९,२३८ अर्ज आले आणि ७,२२,३११ उमेदवारांची नेमणुकीसाठी शिफारस झाली. भागाकार केला तर दर ३०५ अर्जांमागे एक शिफारस, म्हणजे सुमारे ०.३३ टक्के, असे उत्तर येते.

हा आकडा विद्यार्थ्यांसमोर ठेवला की पहिले वाक्य ऐकू येते ते असे : ‘म्हणजे ३०५ जणांत एकालाच नोकरी.’ येथेच थांबायला हवे. उत्तरात अर्जांची संख्या आहे, माणसांची नाही. एकच मुलगी रेल्वेसाठी, कर्मचारी निवड आयोगासाठी आणि बँकेसाठी नव्हे पण आणखी एखाद्या केंद्रीय खात्यासाठी अर्ज करते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करते. तिचे अर्ज पाच-सहा झाले तरी ती एकच. तेव्हा २२ कोटी अर्ज म्हणजे २२ कोटी तरुण नव्हेत. दुसरे असे की ही भरती केवळ केंद्र सरकारची आहे. राज्य सरकारे, जिल्हा परिषदा, खाजगी उद्योग आणि शेती यांतील रोजगाराबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

आता याच उत्तरातील दोन वर्षे वेगळी काढू. २०१८-१९ साली ५,०९,३६,४७९ अर्ज आले आणि शिफारशी झाल्या ३८,१००. प्रमाण पडले सुमारे १,३३७ अर्जांस एक. पुढच्याच वर्षी, २०१९-२० मध्ये, अर्ज १,७८,३९,७५२ आणि शिफारशी १,४७,०९६. प्रमाण सुमारे १२१ अर्जांस एक. एका वर्षात नोकरी मिळणे अकरा पटींनी सोपे झाले काय? तसे नव्हे. जाहिरात, अर्ज, परीक्षा, निकाल आणि शिफारस या साखळीला एक वर्ष पुरत नाही. एका वर्षीच्या अर्जांचे फळ पुढच्या वर्षांच्या रकान्यात पडते. म्हणून येथे एकेका वर्षाचे प्रमाण काढणे फसवे आहे, आठ वर्षांची बेरीज त्या मानाने भरवशाची. ज्याला सरकारवर टीका करायची आहे तो २०१८-१९ उचलील, ज्याला स्तुती करायची आहे तो २०१९-२०. दोघांचेही आकडे खरे असतील आणि दोघांचेही निष्कर्ष चुकीचे ठरतील.

बेकारीच्या दराचेही असेच आहे. कामगार पाहणीच्या ‘सामान्य स्थिती’ या व्याख्येत, वर्षातील बराच काळ काम न मिळालेल्या माणसानेही ३० दिवस किंवा अधिक काळ एखादे दुय्यम काम केलेले असेल, तर त्याची गणना रोजगार असलेल्यांत होते. ‘चालू आठवड्याची स्थिती’ या व्याख्येत आठवड्यातील कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेले असले तरी पुरते. शिवाय दर काढताना छेदात सारी लोकसंख्या घेत नाहीत. जे काम करतात किंवा काम शोधतात तेवढेच घेतात. शोधून कंटाळलेला आणि घरी बसलेला तरुण अंशातही नसतो, छेदातही नसतो. त्याने शोध सोडला की बेकारीचा दर कमीच होतो! म्हणून ‘बेकारी किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या व्याख्येने, कोणत्या वयोगटात, कोणत्या काळात, हे विचारले तरच उत्तराला अर्थ येतो.

पैसा तोच, टक्के दोन

आता शिक्षणाकडे वळू. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही योजना २२ जानेवारी २०१५ रोजी हरयाणातील पानिपत येथे सुरू झाली. घटत चाललेले मुलींचे प्रमाण थांबवणे आणि मुलींचे शिक्षण वाढवणे हे तिचे उद्देश. ४ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत पाच सभासदांनी तिच्या खर्चाविषयी विचारणा केली. त्यांत भिवंडीचे कपिल पाटील आणि परभणीचे संजय जाधव हे महाराष्ट्रातील सभासद होते. उत्तर असे आले : २०१४-१५ ते २०१८-१९ या काळात ६४८ कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यांपैकी ३६४.६६ कोटी, म्हणजे ५६ टक्क्यांहून अधिक, प्रसारमाध्यमांतील प्रचारावर गेले, १५९.१८ कोटी राज्यांना व जिल्ह्यांना दिले गेले. उरलेले वितरितच झाले नाहीत.

डिसेंबर २०२१ मध्ये महिला सबलीकरण समितीचा अहवाल संसदेत सादर झाला. समितीच्या अध्यक्षा होत्या नंदुरबारच्या तत्कालीन खासदार डॉ. हीना गावित. या अहवालात म्हटले होते की २०१६ ते २०१९ या काळात वितरित झालेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम प्रचारावर खर्च झाली.

५६ खरे की ७९? दोन्ही खरे. शाळेतले उदाहरण घेऊ. दहावीच्या पटावर ६० मुले आहेत. त्यांपैकी ५० परीक्षेला बसली आणि ४५ उत्तीर्ण झाली. शाळेच्या फलकावर निकाल ९० टक्के लागतो. पटावरील मुलांच्या हिशेबाने तो ७५ टक्के आहे. उत्तीर्ण मुले तीच, छेद बदलला. पहिल्या उत्तरात छेदस्थानी पाच वर्षांची तरतूद आहे. ती सारी खर्चासाठी हाती आलीच नव्हती. त्याच उत्तरातील वितरित न झालेली १२४ कोटींची रक्कम वगळली तर छेद ५२३.८४ कोटी होतो आणि प्रचाराचा वाटा सुमारे ७० टक्क्यांवर जातो. समितीने वितरित रक्कम छेदात घेतली आणि काळही तीन वर्षांचा घेतला, म्हणून ७९ आले. ‘तरतुदीच्या किती टक्के’ यापेक्षा ‘प्रत्यक्ष दिलेल्या पैशाच्या किती टक्के’ हा प्रश्न मुलींच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता, आणि समितीने तो धरला.

प्रचाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. मुलगी नको ही भावना मनात असते आणि मन बदलायचे तर लोकांशी बोलावे लागते. प्रचार आवश्यक आहे हे समितीनेही मान्य केले होते. तिचे म्हणणे एवढेच की शिक्षण आणि आरोग्य यांच्या प्रत्यक्ष कामाचाही विचार झाला पाहिजे. जुलै २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’च्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत या योजनेतील जाहिरातींवर शून्य खर्च आणि मुलींचे खेळ, स्वसंरक्षण, स्वच्छतागृहे अशा प्रत्यक्ष कामांवर भर असे धोरण आले. हा बदल केवळ एका अहवालाने झाला असे म्हणण्याइतका पुरावा नाही. क्रम मात्र लक्षात ठेवावा : प्रथम एक लेखी प्रश्न, मग समितीची छाननी, मग सूचनांत बदल.

मर्यादा

या व्यवस्थेचे फार कौतुकही करू नये. समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सरकारला ठरावीक मुदतीत, साधारणतः तीन महिन्यांत, काय कार्यवाही केली ते कळवावे लागते. पण ‘शिफारस विचाराधीन आहे’ हेही उत्तर असू शकते. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे साक्षीत काय घडले ते अहवालात येईल तेवढेच कळते.

अनुदानाच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होते ती थोड्या मंत्रालयांची. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ आणि २०२३ साली लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर स्वतंत्र चर्चा न होता सर्व मागण्या अशा संमत झाल्या. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीमुळे प्रश्नोत्तराचा तास नव्हता, लेखी उत्तरे तेवढी मिळाली.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळी आहे. जे विचारले जाते त्याचेच उत्तर मिळते. खर्चाचा प्रश्न विचारला तर रुपये कळतात. किती मुली आठवीनंतर शाळेत टिकल्या ते कळत नाही. मोजमापाचे साधन काय मोजते हे ठाऊक नसेल तर वाचन निरुपयोगी ठरते, हा आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांचा रोजचा नियम येथेही लागू आहे.

वर्गात काय करता येईल

लोकसभा आणि राज्यसभा यांच्या संकेतस्थळांवर प्रश्नांची उत्तरे आणि समित्यांचे अहवाल विनामूल्य पाहता येतात. नववी ते बारावीच्या वर्गात शिष्यवृत्ती, मध्यान्ह भोजन, शिक्षकांची रिक्त पदे, कौशल्य प्रशिक्षण यांपैकी एक विषय घ्यावा आणि त्यावरचे एक उत्तर छापून आणावे. मुलांनी त्यावर पाच गोष्टी लिहाव्यात. कशाची संख्या दिली आहे : माणसांची, अर्जांची की रुपयांची? काळ कोणता? छेदस्थानी काय आहे? कोण मोजणीतून सुटले आहे? आणि शेवटी, आपण सभासद असतो तर कोणता पूरक प्रश्न विचारला असता?

पाचवा प्रश्न सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा आहे. तो नीट लिहिता आला तर मुलाला टक्केवारी समजली असे खुशाल समजावे. आणि तो प्रश्न खरोखरच चांगला असेल, तर पत्रावर आपल्या मतदारसंघाच्या खासदारांचा पत्ता लिहून तो पाठवून द्यावा. दोन रुपयांच्या कागदावर मावणारा हा प्रयोग आहे, आणि त्याला कोणत्याही उपकरणाची गरज नाही.