नोंदवहींतील आपलें पान

पोटापाण्यासाठीं परगांवीं गेलेला मनुष्य उतारवयांत एकदां तरी जन्मगांवीं येतो, आणि गांवांत आला म्हणजे बहुधा त्याचे पाय जुन्या शाळेकडे वळतात. परंतु तेथें जाऊन पाहावयाचें काय, आणि पाहिल्यावर करावयाचें काय, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. मी मोझरीचा. मॅट्रिक झालों, अध्यापनाची परीक्षा दिली आणि छत्तीस वर्षें जिल्हापरिषदेच्या शाळांत काढलीं. म्हणजे शाळा सोडून गेलेला विद्यार्थी आणि परत आलेल्या विद्यार्थ्यांपुढें खुर्ची सरकविणारा मास्तर, अशा दोन्ही नात्यांनीं या विषयाशीं माझा परिचय आहे. त्या अनुभवाच्या आधारें चार गोष्टी श्रोत्यांपुढें ठेवतों.

आमचें गांव अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यांत, अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. १९३५ सालीं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं येथें गुरुकुंज आश्रम स्थापिला, तेव्हांपासून गुरुकुंज मोझरी असें जोडनांव रूढ झालें. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं महाराजांचें येथेंच निर्वाण झालें. दरवर्षीं त्या तिथीला, आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, दूरदूरचे लोक येतात आणि सायंकाळीं ४ वाजून ५८ मिनिटांनीं सारा समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. पुणें-मुंबईकडे स्थायिक झालेलीं गांवचीं मुलेंबाळें याच दिवसांत घरीं येतात. गर्दी ओसरली कीं त्यांतले कांहीं शाळेच्या फाटकाशीं येऊन उभे राहतात.

त्यांच्या तोंडून पहिला उद्गार बहुधा ठराविक निघतो : “केवढीशी ही शाळा!” याचें कारण साधें आहे. सहा वर्षांच्या मुलाची उंची पावणेचार फुटांच्या आसपास असते, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम साडेतीन फुटांवर. मोठ्या माणसाला जी पायरी एका पावलाची, ती त्या मुलाला चढण होती. जो ओटा आपण आज बसावयाला घेतों, त्यावर त्याला कोणी तरी हात देऊन चढवावें लागे. मन वस्तूंचें माप स्वतःच्या शरीराच्या हिशेबानें ठेवतें. शरीर वाढलें, पण मनांतलें माप तेंच राहिलें. म्हणून शाळा आक्रसल्यासारखी वाटते. आठवणींच्या गोडीचेंही असेंच आहे. छडीचा वळ विसरला जातो, मधल्या सुटींतल्या बोरांची चव राहते. तेव्हां केवळ इमारत पाहून आणि आठवणी काढून जो परत जातो, त्यानें शाळा पाहिली असें मला म्हणवत नाहीं.

इमारतीपेक्षां आणि आठवणीपेक्षांही विश्वासू अशी एक वस्तु शाळेच्या लोखंडी कपाटांत असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. जुनीं माणसें दाखलखारीज म्हणत. मुलाचें नांव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचें कारण, इतकें सारें एका आडव्या ओळींत मावतें. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या एका ओळीची नक्कल. या वहीचें महत्त्व केवढें, याचा दाखला साताऱ्यास आहे. तेथील शाळेच्या वहींत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे, अनुक्रमांक १९१४. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा तो शाळाप्रवेश. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतें.

खरें सांगावयाचें तर, परत येणाऱ्यांपैकीं पुष्कळजण या ओळीसाठींच येतात. मुलाच्या किंवा नातीच्या जातपडताळणीसाठीं जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाति व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वींची नोंद शोधावी लागते. मग आजोबांनीं तीन-चार वर्षें काढलेली शाळा अचानक सर्वांना आठवते.

त्या नोंदींतील जन्मतारखांचीही एक मौज आहे. खेड्यांत जन्माचा दिवस कोणी लिहून ठेवीत नसे. बाप सांगे, “पोयाच्या वक्ती झाला जी मास्तर.” मास्तर पोराच्या उंचीवरून आणि दांतांवरून अदमास बांधीत आणि सहा वर्षें पुरीं होतील अशी १ जून किंवा १ जुलै ही तारीख लिहून मोकळे होत. पुढें त्याच तारखेवर नोकरी लागली आणि सेवानिवृत्तीही झाली. कितीएक कुटुंबांत आजोबांचा वाढदिवस म्हणून जो साजरा होतो, तो मास्तरांच्या टांकानें दिलेला दिवस असतो.

आपली ओळ सांपडली म्हणजे मनुष्य वही मिटतो. माझें सांगणें असें कीं, तेथें थांबूं नये. मुख्याध्यापकांच्या परवानगीनें तें पान वरपासून खालपर्यंत वाचावें. आपल्याबरोबर कोण कोण दाखल झालें, त्यांतले चौथीपर्यंत किती पोचले, आणि जे पोचले नाहींत त्यांच्या नांवापुढें कारण काय लिहिलें आहे, हें पाहावें. ‘सतत गैरहजर, नांव कमी’, ‘पालकांचें स्थलांतर’, ‘घरकाम’ असे शब्द तेथें मिळतील. आमच्या वऱ्हाडांत कापूस फुटला कीं वेचणीला लहान हातही लागत. दिवाळीनंतर वर्ग विरळ होई, आणि त्यांतलीं कांहीं मुलें होळी उलटली तरी परत येत नसत. मुलींच्या नांवापुढें बहुधा धाकट्या भावंडांचा सांभाळ उभा असे.

एका शाळेंत मी मुख्याध्यापक असतांना मुंबईहून साठीचे एक गृहस्थ आजोबांची नोंद शोधावयास आले होते. नोंद मिळाली. त्याच पानावर, पांच-सहा ओळी खालीं, आजोबांच्या धाकट्या बहिणीचें नांव होतें. दाखल झाल्यापासून आठ महिन्यांनीं तें कमी केलेलें. कारण : ‘मूल सांभाळणें’. ते गृहस्थ बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, “गुरुजी, ही आमची मोठी आत्या. जन्मभर अंगठा उठवीत आली. ती शाळेंत गेली होती, हें आमच्या घरांत कोणालाच ठाऊक नाहीं.” त्यांनीं आजोबांच्या दाखल्याबरोबर तिच्याही ओळीची नक्कल मागितली. तिचा कोणत्याही कचेरींत उपयोग नव्हता.

नांव कमी झालेलें मूल आणि शेवटपर्यंत शिकलेलें मूल, अशा दोन्ही जातींचीं थोर उदाहरणें आमच्या जिल्ह्यांत आहेत. यावली येथें ३० एप्रिल १९०९ रोजीं जन्मलेल्या माणिकचें शिक्षण प्राथमिक इयत्तांतच थांबलें. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे त्याचा ओढा लागला; पुढें तो रानावनांतून हिंडला आणि खंजिरी हातीं घेऊन देशभर फिरला. परंतु आश्रम उभारावयाची वेळ आली तेव्हां जागा निवडली ती आपल्याच जिल्ह्यांतली. या अल्पशिक्षित पुरुषानें ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली आणि तींत जीवनशिक्षणाला स्वतंत्र अध्याय दिला. २००५ सालीं नागपूर विद्यापीठाला त्यांचें नांव देण्यांत आलें.

दुसरें उदाहरण डॉ. पंजाबराव देशमुखांचें. २७ डिसेंबर १८९८ रोजीं पापळ या खेड्यांत शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले पंजाबराव विलायतेस जाऊन बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन आले. खेड्यांतल्या पोराला शहरांत शिकावयाचें तर आधीं राहावयाला जागा आणि दोन वेळचें जेवण हवें, हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून अमरावतींत त्यांनीं वसतिगृह काढलें. १९३२ सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्या शाळा वऱ्हाडभर पसरल्या. पुढें ते केंद्रांत कृषिमंत्री झाले. एकाची शाळा लवकर सुटली, दुसऱ्यानें ती शेवटपर्यंत पुरी केली. परत आल्यावर दोघांचेंही लक्ष त्याच पानावरील उरलेल्या नांवांकडे गेलें.

आज ती दृष्टि अधिक जरूर झाली आहे. १ मे १९६२ पासून खेड्यांच्या प्राथमिक शाळा जिल्हापरिषदांकडे आहेत. त्यांतल्या अनेकींचा पट आतां घसरला आहे. घरोघर मुलें थोडीं, तरुण कुटुंबें शहराकडे गेलेलीं, आणि जीं उरलीं त्यांच्या दारांतून इंग्रजी शाळेची गाडी पोरांना उचलून नेते. २०२३ सालीं शिक्षण खात्यानें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळांच्या जागीं समूहशाळा करण्याविषयीं प्रस्ताव मागविले. अशा शाळा राज्यांत चौदा हजारांहून अधिक होत्या. एकत्र शाळेंत शिक्षक व साधनें अधिक मिळतील हा त्यामागील युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें आपल्या राज्यांत पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी असा नियम आहे, आणि त्याचें कारण तीच जुनी वही सांगेल. शाळा दूर गेली म्हणजे प्रथम मजुराच्या पोराचें आणि त्याच्या बहिणीचें नांव कमी होतें.

म्हणून शाळेला भेट देणाऱ्यांस माझी विनंति आहे. सुटीच्या दिवशीं बंद कुलुपापुढें छायाचित्र घेण्यापेक्षां कामाच्या दिवशीं जावें. मुख्याध्यापकांना भेटून पट विचारावा, कोणतीं मुलें येईनाशीं झालीं तें विचारावें. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात, त्यांच्याशीं बोलावें. देणगी द्यावयाची तर नांवाच्या फरशीऐवजीं वाचनाचीं पुस्तकें द्यावीं, किंवा वेचणीच्या दिवसांत एखाद्या मुलाची राहण्याजेवणाची सोय पाहावी. वहीच जीर्ण झाली असेल तर तिला चिकटपट्टी लावूं देऊं नये. तिनें कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. तिच्या पानांची स्वच्छ प्रत काढून ठेवण्याचा खर्च मात्र अवश्य उचलावा.

आणि निघण्यापूर्वीं आपल्या पानावरील एखाद्या कमी झालेल्या नांवाची चौकशी गांवांत करावी. तो मनुष्य हयात असला तर बहुधा जवळच कोठें तरी भेटतो. त्याच्या घरीं जाऊन बसावें, आणि त्याच्या नातवंडांची शाळा नीट चालली आहे कीं नाहीं, हें त्याच्या तोंडून ऐकावें.