टॅब आणि आपली खाजगी माहिती

किन्हवलीसारख्या गावातही आता अभ्यासासाठी मुलांच्या हाती टॅब दिसू लागले आहेत. ज्ञानाचे हे साधन चांगलेच. परंतु ते आपली माहितीही गोळा करते, हे पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

गूगल प्ले असलेल्या अँड्रॉइड टॅबला सहसा एक जाहिरात-क्रमांक असतो. बँकेत खाते क्रमांकाखाली नोंदी जमतात, तशा निरनिराळी अॅप्स या क्रमांकाखाली आपल्या आवडीनिवडी नोंदवू शकतात. त्यावरून कोणाला कोणती जाहिरात दाखवायची ते ठरते. अलीकडच्या टॅबवर सेटिंग्जमधील प्रायव्हसी विभागात जाऊन हा क्रमांक काढून टाकता येतो.

याशिवाय अॅप्स ठिकाण, कॅमेरा, मायक्रोफोन यांची परवानगी मागतात. साध्या शब्दकोशाला आपले ठिकाण कशाला हवे? अशी परवानगी नाकारावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत अधिकार आहे. २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कोऱ्या चेकवर आपण सही करीत नाही. तशीच न वाचता संमतीही देऊ नये. पालकांनी मुलांसोबत बसून त्यांच्या टॅबमधील परवानग्या एकदा अवश्य तपासाव्यात.