पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

आपल्या पाठ्यपुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो, पाहिलात ना? त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो 1994 साली जपानमध्ये तयार झाला, तोही शाळेसाठी नव्हे, मोटारींचे सुटे भाग ओळखता यावेत म्हणून! पुष्कळांना वाटतं, चित्रफीत त्या चौकोनातच भरलेली असते. तसं नाही. त्यात फक्त पत्ता असतो, पोस्टकार्डावर असतो तसा. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन फोनला कोडाची दिशा सांगतात, म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी चालतं. 'दीक्षा' ॲपने कोड वाचला, की त्या पाठाची चित्रफीत उघडते.

सोलापूर जिल्ह्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडून शिकवलं. पुढे राज्याच्या पुस्तकांतही कोड आले. 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्यासारख्याच शाळेतले गुरुजी, बरं का!

पण नुसता कोड असून भागत नाही. आमच्या बाई विजेचा पाठ कसा घेतात ते सांगतो. चित्रफितीत एक बल्ब पेटला, तेवढ्यात बाईंनी ती थांबवली. "याच वायरीत दुसरा बल्ब एकापुढे एक जोडला तर उजेड तेवढाच राहील का?" प्रत्येकाने आपलं उत्तर पाटीवर लिहायचं, शेजारच्याचं बघायचं नाही. वर्गात दोन तट पडले, भांडाभांडीच सुरू झाली! मग बाईंनी बॅटरीचे दोन सेल, वायर आणि दोन छोटे बल्ब टेबलावर ठेवले. आम्हीच जोडून पाहिलं. दोन्ही बल्ब मिणमिणू लागले. मगच पुढची चित्रफीत लावली. दोन बल्बांचा मिळून रोध वाढतो, वीजप्रवाह कमी होतो, हे कारण तेव्हा सगळ्यांनी कान देऊन ऐकलं.

2020 साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा माझी ताई शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून त्यांच्या फोनवर पाठ बघायची. ती म्हणते, "पाहिलं सगळं, पण अडलं तर विचारायचं कुणाला?"

पालकांना एक विनंती. फोन तुमच्याबरोबर शेतावर जातो, ते आम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी पंधरा मिनिटं द्या, आणि नंतर "काय दाखवलं ते सांग बघू" एवढं विचारा. तुम्हाला तो पाठ येत नसला तरी चालेल. सांगताना आमचं आम्हालाच कळतं, कुठे अडलं ते.

या लेखाखाली विजेच्या पाठाचा कोड चिकटवला आहे. फोन धरून पाहा. मध्ये थोडी शाई सांडली आहे, तरी तो वाचला जातो.