महिला सभा आणि भिशीची चिठ्ठी

शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात ऊस वाढला की घरोघरी एकच विषय निघतो, बिबट्या. रात्रीची लाईट असते, अंधारात मोटर चालू करायला जावं लागतं, पोरं वस्तीवरून चालत शाळेला जातात. बचत गटाच्या बैठकीत आपण हे पोटतिडकीनं बोलतो. पण गावाच्या कागदावर ते येत नाही.

कागदावर आणायची जागा कायद्यानंच दिलीय. आपल्या राज्यात प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती फक्त महिला सदस्यांची नाही, मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येक बाईची आहे. पुष्कळ गावांत काय होतं ते तुम्हीही जाणता. वही घरोघर फिरते, सह्या होतात, झाली सभा!

ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी तेवढे हजर लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण घरी राहिलो तरी निर्णय होतोच, फक्त तो चारजण घेतात. दारूबंदीच्या मतदानात तर घरी बसणं आणखी महाग पडतं. तिथं गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. जी आली नाही, तिचं वजन उभ्या बाटलीकडे जातं.

बरं, सभेला गेलो तरी बोलतं कोण? नेहमीच्याच दोघी-तिघी. यावर आयर्लंड देशानं काढलेली तोड आम्हाला आवडली. २०१६ मध्ये तिथं ९९ साध्या नागरिकांची सभा बसवली. माणसं निवडली भिशीचा नंबर काढतात तशी, मात्र बाया, पुरुष, तरुण, म्हातारे, सगळ्या भागांतले येतील असं बघून. गर्भपाताच्या कायद्यासारखा अवघड विषय होता. त्यांनी आधी डॉक्टर, वकील आणि ज्यांनी सोसलंय त्या बायांचं ऐकलं, मग शिफारस केली. २०१८ मध्ये साऱ्या देशानं मतदान करून कायदा बदलायला होकार दिला.

भिशी तर आपल्याला शिकवायला नको. पुढच्या महिला सभेआधी प्रत्येक वस्तीच्या वेगळ्या चिठ्ठ्या टाका. नवी सून, एकटी राहणारी, मजुरीला जाणारी, सगळ्यांची नावं त्यात हवीत. निघालेल्या दहा-बाराजणींनी एक दुपार बसायचं. वायरमन आणि वनरक्षकांना बोलवून विचारायचं, दिवसा लाईट कुठं अडते, पिंजरा कोण लावतं, कळवायचं कुणाला. मग ठरावाचे शब्द ठरवायचे.

ग्रामसभा वीज कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, हेही खरं. पण ठरावाची प्रत वीज आणि वन कार्यालयात गेली की त्यांच्याकडे आवक नंबर पडतो, मग उत्तर मागता येतं. तोंडी तक्रारीला नंबर नसतो.

महिला सभेचा ठराव भाऊसाहेबांकडून इतिवृत्तात लिहून घ्या. सह्या तो वाचून दाखवल्यावरच करा, आणि कोऱ्या पानावर तर मुळीच नको. ग्रामसभेत तो कोण मांडणार, तेही त्याच दुपारी ठरवा.