मांजराचे पिल्लू आणि घरातील अग्नी

अन्न शिजविण्यासाठी, प्रकाशासाठी आणि थंडीत ऊब मिळविण्यासाठी माणसाने अग्नीला घरात आणले. धान्य खाणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्याने मांजरालाही घरात थारा दिला. माणसाची व मांजराची ही सोबत फार जुनी आहे. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर उत्खनन करताना संशोधकांना सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. तेथे माणसाच्या शेजारीच एक मांजर पुरलेले होते. इतक्या दीर्घ सहवासात मांजर माणसाच्या घरी चांगलेच रुळले. परंतु चुलीपासून व दिव्यापासून किती दूर राहावे, हे ज्ञान त्याच्या पिल्लाला जन्मतः मिळत नाही. त्यामुळे घरातील हे दोन जुने सोबती, अग्नी आणि मांजर, एकमेकांच्या फार जवळ येणार नाहीत, ही काळजी माणसालाच घ्यावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत ही काळजी विशेष महत्त्वाची आहे. हा जिल्हा काळ्या जमिनीचा व कापसाचा. कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्या आणि तुरीची मळणी झाली की तुऱ्हाट्या सरपणासाठी अंगणात रचून ठेवल्या जातात. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे खेड्यांतील अनेक घरी स्वयंपाकाचा गॅस पोहोचला. तथापि आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी आणि भाकरी भाजण्यासाठी चूल अजूनही पेटते. थंडीच्या दिवसांत अंगणात शेकोट्या पेटतात. देवघरात समई व निरांजन तेवते. अशा रीतीने दिवसाच्या निरनिराळ्या वेळी घरात कोठे ना कोठे विस्तव असतोच.

मांजराचे पिल्लू या विस्तवाकडे का ओढले जाते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मांजराला उष्णता मनापासून आवडते. त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाच्या तापमानाहून थोडे अधिक असते. जन्मानंतरचे काही आठवडे तर पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवून धरता येत नाही. ते आईच्या कुशीत शिरून ऊब मिळविते. आई शिकारीसाठी बाहेर गेली की ऊब मिळेल तिकडे ते सरकते. पौष महिन्याच्या कडाक्याच्या थंडीत घरातील सर्वांत उबदार जागा कोणती? अर्थात चुलीजवळची, किंबहुना चुलीतलीच!

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे. उष्ण वस्तूचा स्पर्श झाला की माणूस चटकन हात मागे घेतो. कातडीचे तापमान सुमारे ४४ अंशांवर गेले की माणसाला ती उष्णता सोसवत नाही. मांजराच्या नाकाला आणि ओठांना उष्णता लवकर कळते; परंतु त्याच्या बाकीच्या अंगाला सुमारे ५२ अंशांपर्यंत विशेष त्रास जाणवत नाही. वर अंगावर केसांचे दाट आवरण असते. त्यामुळे निखाऱ्याजवळ सुखाने पहुडलेल्या मांजराचे केस होरपळू लागले तरी ते त्याच्या ध्यानात लवकर येत नाही. ते उठत नाही याचा अर्थ जागा सुरक्षित आहे, असा मुळीच नव्हे.

ऊब हे एक कारण झाले. पिल्लाची जिज्ञासा हे दुसरे. जन्मानंतर एक ते दोन आठवड्यांत पिल्लाचे डोळे उघडतात. पुढे चालू-धावू लागल्यावर हलणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते झडप घालून पाहते. वाऱ्याने हलणारे पान, लोंबणारा दोरा, पळणारा किडा हे सर्व त्याच्या दृष्टीने सावजच असते. या खेळातूनच ते शिकार शिकते. दिव्याची ज्योतही सारखी हलत असते. ती वस्तू नसून ज्वाला आहे, हे त्या जीवाला कसे ठाऊक असणार? ते पंजा उचलते आणि ज्योतीवर मारते. पंजा भाजतोच, शिवाय दिवाही उलटतो.

दिवा उलटल्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे कापूस पिकविणाऱ्या घराला सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते. योग्य भाव मिळेपर्यंत पुष्कळ शेतकरी वेचलेला कापूस घरातच साठवून ठेवतात. पिल्लांना तर कापसाचा ढीग म्हणजे खेळायला मऊ मैदानच वाटते. कापसाच्या धाग्याधाग्यांत हवा खेळती असते. म्हणून तो लवकर पेट घेतो, आणि वरची ज्वाला विझली तरी आतल्या आत धुमसत राहतो. नेमक्या याच दिवसांत ओसरीवर पणत्यांच्या रांगा लागतात. अशा वेळी एका पिल्लाच्या पंजाने उलटलेली एक पणती वर्षभराच्या कष्टाची राख करू शकते. यात दोष मात्र पिल्लाचा नसतो. ज्या खोलीत कापूस आहे तेथे उघडा दिवा कधीही नेऊ नये आणि त्या खोलीचे दार नेहमी बंद ठेवावे. पणत्या उंच कोनाड्यात किंवा काचेच्या आवरणात ठेवाव्यात. वीज गेली तर मेणबत्तीऐवजी विजेरी वापरावी. पेटता दिवा घरात एकटा सोडून कोणीही बाहेर जाऊ नये.

आता चुलीकडे वळू. चूल जमिनीलगत असते. त्यामुळे तिच्याभोवतीचा तवा, उकळते पाणी, उतरवून ठेवलेले भांडे या सर्व वस्तू पिल्लाच्या बरोबर तोंडासमोर येतात. स्वयंपाक चालू असताना पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावून घेणे, हा सर्वांत सोपा उपाय होय. त्यापूर्वी त्याला पोटभर खाऊ घातले तर ते दुधाच्या वासाने दाराशी ओरडत बसत नाही. स्वयंपाक आटोपल्यावर चुलीतील लाकडे बाहेर ओढून पाण्याने विझवावीत व चुलीचे तोंड पत्र्याने झाकावे. वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारे कित्येक तास जिवंत राहतात.

सकाळी चूल पेटविण्यापूर्वी आत डोकावून पाहण्याची सवय तर प्रत्येकाने लावून घ्यावी. रात्रीच्या उबदार राखेत पिल्लू निजलेले असण्याचा संभव असतो. अंधारात राखेच्या रंगाचे पिल्लू दिसतही नाही. म्हणून फुंकणीने चुलीवर दोनचार वेळा ठोकावे आणि मगच काडी ओढावी. पऱ्हाट्यांच्या गंजीचेही असेच आहे. मांजरी आडोशाची जागा शोधून तेथे वितात, आणि रचलेल्या सरपणासारखा आडोसा दुसरा नाही. होळीसाठी लाकडे व गोवऱ्या काही दिवस आधीपासून रचलेल्या असतात. ती पेटविण्यापूर्वी मुलांनी चारी बाजूंनी नीट पाहावे. एवढ्याशा दक्षतेने एखाद्या मांजरीची सगळी पिल्ले वाचू शकतात.

गॅसची शेगडी ओट्यावर असते, म्हणून ती निर्धोक आहे असे अनेकांना वाटते. परंतु दोन-तीन महिन्यांचे पिल्लू ओट्यावर सहज चढते. गॅसची निळी ज्योत दिवसा उजेडात नीट दिसत नाही, आणि ज्योत विझल्यावरही शेगडीचा वरचा भाग बराच वेळ तापलेला राहतो. रात्री निजण्यापूर्वी टाकीजवळची कळ बंद करावी, म्हणजे पिल्लाच्या धक्क्याने शेगडीची कळ फिरली तरी गॅस सुटणार नाही.

पिल्लाला मारून किंवा त्याच्यावर ओरडून हे धडे शिकविता येत नाहीत. माराचा संबंध ते चुलीशी जोडत नाही, मारणाऱ्याशी जोडते, आणि माणसाला भिऊ लागते. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, हे शहाणपण माणसाला अनुभवातून येते. परंतु इवल्याशा पिल्लाला असा अनुभव प्राणाशी गाठ घालणारा ठरू शकतो. त्यापेक्षा त्याची ऊब व खेळ यांची निराळी सोय करावी. एका खोक्यात जुनी गोधडी अंथरून ते चुलीपासून दूर, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. कडक थंडीत कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गोधडीखाली ठेवावी. चिंध्यांचा चेंडू खेळायला द्यावा. हवी ती गोष्ट दुसरीकडे मिळाली की पिल्लू विस्तवाकडे सहसा फिरकत नाही.

इतके करूनही पिल्लू भाजलेच, तर भाजलेल्या भागावर निदान दहा मिनिटे साध्या थंड पाण्याची हळुवार धार सोडावी. बर्फ लावू नये. पिल्लू लवकर गारठते, म्हणून त्याचे बाकीचे अंग कोरड्या कपड्यात गुंडाळावे. तूप, तेल, हळद किंवा दात घासण्याचे मलम जखमेवर लावू नये. माणसाची वेदनाशामक गोळी तर कधीच देऊ नये; पॅरासिटामॉल मांजराला विषासमान असते. प्रथमोपचार होताच त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

पिल्लांसाठी त्यांची आई किती सोसते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ३० मार्च १९९६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात एका ओसाड गॅरेजला आग लागली. तेथे एका भटक्या मांजरीची पाच पिल्ले होती. ती एकेक पिल्लू तोंडात धरून पाच वेळा आगीतून बाहेर आली. तिचे कान होरपळले होते आणि डोळे सुजून मिटले होते. दिसत नसतानाही तिने प्रत्येक पिल्लाला नाक लावून पाचही जण आल्याची खात्री करून घेतली. आग विझविण्यासाठी आलेल्या जवानांपैकी एकाने त्या सर्वांना दवाखान्यात नेले. एक पिल्लू पुढे आजाराने दगावले. उरलेली चार वाचली. स्कार्लेट या नावाने ओळखली गेलेली ती मांजरी २००८ सालापर्यंत एका प्रेमळ घरात राहिली.

स्कार्लेटचे धैर्य मोठे होते. परंतु त्याचे अनुकरण मुलांनी करावयाचे नाही. घराला आग लागली तर प्रथम बाहेर पडावे, मोठ्यांना हाक मारावी व अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे. पिल्लू आत राहिले असेल तर ते कोठे आहे हे मोठ्यांना सांगावे. स्वतः मात्र पुन्हा आत जाऊ नये.

मांजरीला पिल्ले उचलून नेता येतात. पण तिला चूल विझविता येत नाही, दिवा झाकता येत नाही की कापसाच्या खोलीचे दार लावता येत नाही. ही कामे माणसाची आहेत, आणि त्यांतील बरीचशी अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींनाही सहज करता येण्याजोगी आहेत. घरात अग्नी पेटविणाऱ्याने त्या घरातील मुक्या जीवाचीही आठवण ठेवावी, यातच खरी भूतदया आहे.